हजेरीतलं दुसरं नाव

मळ्याचा धनी व्हरांड्यात खुर्चीवर. मी आणि अप्पा खाली अंगणात. अप्पाच्या काखेत काठी, माझ्या हातात दहावीचं गुणपत्रक. आमच्या लाइनीतून पास झालेला मी पहिला पोरगा, म्हणून अप्पा मला धन्याला दाखवायला घेऊन आला होता.

धन्यानं कागद हातात घेतला नाही. म्हणाला, ‘‘हात दाखव.’’

मी हात पुढं केले. त्यानं वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं माझी बोटं उलटीपालटी केली. बैलाचे दात बघतात तशी.

‘‘बोटं बारीक आहेत. तोडणीला बरी.’’ मग हजेरीच्या कारकुनाला हाक मारली. ‘‘वही आण रे. ह्याला सही येते म्हणे. अंगठ्याची शाई वाचली.’’

कारकून हसला. अप्पाही हसला. धन्याचं बोलणं मी कधी कधी विसरतो. अप्पाचं ते हसणं विसरत नाही.

आम्ही मूळचे अळणावरजवळच्या खेड्यातले. मी पाच वर्षांचा असताना ट्रकात बसून मलनाडात कॉफीच्या मळ्यावर गेलो आणि तिथलेच झालो. मळ्यावर पत्र्याच्या खोल्यांची लाइन, एका कुटुंबाला एक खोली. नियम एकच. खोलीमागं हजेरीच्या वहीत दोन नावं. एक गळालं की घरातलंच दुसरं माणूस द्यायचं, नाहीतर खोली सोडायची. त्या वर्षी सावलीच्या झाडाच्या फांद्या छाटताना अप्पा वरून पडला. पाय गेला. अव्वाचं, म्हणजे आईचं, नाव वहीत होतं. अप्पाच्या जागी माझं लागणार होतं.

कारकुनानं वही उघडून पेन माझ्या हातात दिलं. मी ते वहीवर आडवं ठेवलं.

‘‘बेडरी,’’ म्हणालो. नको. धन्याला कळावं म्हणून कन्नडात म्हणालो.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. शाळेत सांगितली, आमच्या लोकांच्या मेळाव्यात सांगितली. पेन ठेवलं आणि मागं न बघता चालू लागलो, असा शेवट करतो. टाळ्या पडतात. एकदा शालही मिळाली.

मी चालू लागलो नव्हतो.

धनी शांतपणे म्हणाला, ‘‘बरं. दुपारपर्यंत खोली रिकामी करा.’’ अप्पाची काठी सुटली. तो गवतावर बसला आणि पायरीला हात लावून म्हणाला, ‘‘पोरगं आहे, धनी. समजावतो मी.’’ धनी माझ्याकडं बघत राहिला. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मीच बोललो.

‘‘घरात बहीण आहे.’’

यल्लू अकरा वर्षांची होती. पाचवीत. कारकुनानं वय विचारलं. मी चौदा सांगितलं. तो म्हणाला, ‘‘तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.’’

मी लिहिलं. नाव, बापाचं नाव, वय. एक डाग पडू दिला नाही.

खोलीकडं परत आलो तेव्हा यल्लू नळावर घागर भरत होती. ‘‘अण्णा, धन्यानं पेन दिलं की नाही बक्षीस?’’ तिनं विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कमरेला तोडणीची पिशवी बांधली. पिशवी गुडघ्याखाली आली म्हणून अव्वानं तिला मधे गाठ मारली. मी ती गाठ बघितली आणि हुबळीची गाडी धरली.

आता मी हुबळीत मास्तर आहे. लॅमिंग्टन रोडवरून चालत शाळेत जातो. रोज पहिल्या तासाला हजेरी घेतो. पोरं ‘हजर’ म्हणतात. शेवटचं नाव झालं की माझं पेन थांबतं. आणखी एक नाव राहिलंय असं वाटतं. बाकांवरून नजर फिरवतो. कुणी नसतं. तरी वही लगेच मिटवत नाही. त्या वहीला पस्तीस वर्षं झाली. पोरांना वाटतं, सरांना कमी दिसतं.

केशवापुरात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला यल्लू आली होती. एका सहकाऱ्यानं विचारलं, ‘‘ह्या कोण?’’ मी म्हणालो, ‘‘गावाकडच्या आहेत. मदतीला आल्यात.’’ तिनं ऐकलं. स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून म्हणाली, ‘‘बरं केलंस, अण्णा. बहीण म्हणाला असतास तर खुर्चीवर बसावं लागलं असतं. मला कुठं सवय?’’ आणि भांडी घासायला बसली. मी तिला उठवलं नाही.

गेल्या महिन्यात ती परत आली. बरोबर तिची पोरगी, रेणू. बारावी झालेली. यल्लूचा नवरा दोन वर्षांमागं गेला. त्याचं नाव वहीतून गळालं, रेणूची बारावी होईपर्यंत मुदत मिळाली. आता मळा धन्याचा मुलगा बघतो. वहीच्या जागी छापील फॉर्म आलाय, ओळी मात्र दोनच आहेत. पहिल्या ओळीत यल्लू. दुसरी कोरी.

‘‘ही लिहीत नाही म्हणते,’’ यल्लू म्हणाली. ‘‘तू लिही. तुझं अक्षर चांगलं.’’

‘‘खोली सोडा,’’ मी म्हणालो.

‘‘अव्वाला कुठं टाकू? खोलीतनं उठत नाही ती. अप्पा त्या खोलीत गेला, मीपण तिथंच जाणार म्हणते. तुला सोडा म्हणायला काय जातंय? तू तर सोडूनच बसलायस.’’

रेणू भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा खोली कशी राहिली?’’

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही नाही.

यल्लू माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं. कारकुनानं तिला पहिल्याच दिवशी वही दाखवली होती, हे तिनं मागाहून सांगितलं. ‘बघ, तुझ्या अण्णाचं अक्षर.’ पस्तीस वर्षं ती ते गिळून मला दरवर्षी कॉफीची पुडी पाठवत होती.

‘‘सांग की, अण्णा,’’ ती म्हणाली.

मी रेणूला सांगितलं. सगळं. वयसुद्धा. माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. रेणूनं माझ्यापुढचा फॉर्म उचलून स्वतःकडं घेतला.

यल्लूनं मला माफ केलेलं नाही. मी मागितलेली नाही. मागितली तर ती देईल, तिला द्यायचीच सवय लावलीय आम्ही. म्हणून मागणार नाही.

रविवारी मी मळ्यावर जातोय. आमच्या घरातली पुढची खोली रिकामी केलीय, अव्वाची खाट तिथं लागेल. अव्वा शिव्या देईल. घर मोडलंस म्हणेल. म्हणू दे, उचलून आणीन. रेणूचं कॉलेज धारवाडला. यल्लूनं काय करायचं ते यल्लू ठरवेल. त्यात मी बोलणार नाही. तिच्या वतीनं मी एकदा बोललोय, तेवढं पुरे.

रेणूनं परत दिलेला फॉर्म माझ्या खिशात आहे. दुसरी ओळ कोरी आहे. अप्पा जिथं बसला होता त्या अंगणात थांबणार नाही, पायऱ्या चढून व्हरांड्यात जाणार. फॉर्म टेबलावर ठेवून आधी एक गोष्ट सांगणार, कारकुनाच्या समोर, लाइनीतल्या माणसांच्या समोर. यल्लूचं नाव तुमच्या वहीत मी लिहिलं. वय खोटं लिहिलं.

आणि मग, आमच्या घरातलं दुसरं नाव मिळणार नाही.