वांझ कवडी

बाईच्या सासूने माळेतली एक कवडी अंगठ्याने वेगळी करून माझ्यापुढे धरली. "हे पाय, बापू. वांझ कवडी. तुमच्याच घरून आली."

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला अमरावतीजवळच्या खेड्यात दिलेली. मी नुकताच अकोल्याच्या शाळेत पंतोजी झालो होतो आणि सुट्टीत तिला भेटायला गेलो होतो. ओसरीवर कापूस आढ्यापर्यंत भरलेला. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि त्या सालांत वऱ्हाडात कापसाबरोबर पैसा येत होता, पैशाबरोबर दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी. बाईला मूल नव्हते. परतवाड्याची एक मुलगी पाहून ठेवली आहे आणि चार दिवसांत होकार कळवायचा आहे, हे मला त्याच वेळी कळले. पाण्याचा गडवा माझ्या हातातच राहिला.

त्या घराण्याची रीत अशी की सुनेने माहेरून कुळदेवीसाठी कवड्यांची माळ आणायची. माळेत देवकवडीच पाहिजे. तिची पाठ पिवळसर आणि जाड असते, पोटाशी अरुंद चीर आणि चिरेच्या दोन्ही काठांना दाते. वांझ कवडी ही वेगळी जात मानलेली. पातळ, राखी रंगाची, तोंड रुंद उघडे, दाते नाहीत, एका टोकाला बारीक वेटोळे. समुद्र त्या गावात कोणीच पाहिला नव्हता. त्यांनी कवडी पाहिली ती कापसाच्या डोळ्याने. मिटलेले बोंड म्हणजे अजून आशा आहे. उघडलेले आणि आत काही नाही, म्हणजे बोंड फुकट गेले. त्यावरून जात ठरली, जातीवरून नाव पडले आणि नाव बाईच्या कपाळी आले.

मी मुंबईहून येणाऱ्या छापील चोपड्या वाचून वाढलेला. उभा राहिलो आणि शकुन-अपशकुनाविरुद्ध जे काही पाठ होते ते सगळे बोललो. बाईच्या सासूने ते शांतपणे ऐकले.

"तुह्या चोपडीत लिवलं काय, मले नातू कवा होईन ते?"

दाजी खाली मान घालून सरकी चाळवत होते. बाई दाराआड होती. तिचा पदर तेवढा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीच्या बाजारात गेलो. कापूस घेऊन मुंबईकडे गेलेल्या गाड्या परतताना बैलांच्या साजासाठी कवड्यांची पोती आणत. चोपड्यांत न मिळालेले उत्तर पोत्यात मिळेल असे मला काही वाटले नव्हते. जितक्या वांझ कवड्या सापडतील तितक्या वेचून सासूपुढे ओतायच्या आणि विचारायचे, एवढ्या सगळ्यांनी कोणाकोणाची घरे बुडवली? रागाने वेचत होतो. वेचता वेचता एक अशी हाती आली की ती कोणत्या ढिगात टाकावी ते कळेना. तोंड उघडे, पण एक काठ आत वळू लागलेला. मग दुसरी, तिच्या काठावर दाते नुकते उमटत होते. मी त्या उघडीपासून मिटलेलीपर्यंत ओळीने मांडल्या. या दोन जाती नव्हत्याच. उघडी ती लहान, मिटलेली ती वयात आलेली. कापसाने आम्हाला नेमके उलटे शिकवले होते. ज्याला वांझ म्हणत होते ते लेकरू होते.

संध्याकाळच्या आत परत जाऊन मी ती ओळ ओसरीवर मांडली. बाईच्या सासूने एकेक कवडी हातात घेऊन पाहिली. मी शिकलेला होतो, पण तीही कमी नव्हती.

"घोडा आये, गाढव आये, मंधात खेचर आये," ती म्हणाली. "म्हून काय घोडा न गाढव एक झाले?"

खरे तर तो प्रश्न चोख होता. मग तिच्या मागे खुंटीला टांगलेल्या बैलांच्या साजाकडे माझे लक्ष गेले. पट्ट्यावर शिवायच्या कवडीची पाठ आधी घासून काढतात. मी म्हणालो, "मावशी, एक देवकवडी घासून पाहू. आत काय आहे ते."

"तुले घासता येते काय? आण इकडे."

तिने सहाण पुढे ओढली, पाणी शिंपडले आणि सवयीच्या हाताने घासू लागली. पिवळा थर गेला. खाली राखी निळसर रंग निघाला, अगदी वांझ कवडीच्या पाठीचा. तिचा हात जरा थबकला, पुन्हा चालू झाला. पाठ उघडली. आत एका टोकाला वेटोळे होते. लहान कवडीच्या टोकाला बाहेर दिसते तेच, त्याच बाजूला, वरून चढलेल्या थरांखाली झाकले गेलेले.

तिने जन्मभर शेकडो कवड्या घासल्या असतील. ते वेटोळे दर वेळी तिच्या डोळ्यांखालून गेले असेल.

"मंग ते काहून गेली?" ती म्हणाली.

मला वाटले बाईबद्दल बोलते आहे. "कोण, मावशी?"

"माह्या आंधी या घरात एक होती. तिच्या माळीत अशीच निंगाली. तिले बार्शीटाकळीले माहेरी लावून देलं न मले आणलं." तिने ओल्या हातानेच तोंड पुसले. "अजून हाय ते. भाजी इकते."

दाजींनी मान वर केली. त्यांनाही हे ठाऊक नव्हते हे चेहऱ्यावरून दिसले.

"परतवाड्याले जाऊ नोको," ती मुलाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पन बापू, त्या बार्शीटाकळीवालीले सांगजो नोको. तिनं मानून घेतलं आये."

सत्य कळले की माणूस मोकळा होतो, असे मी वाचले होते आणि मुलांना शिकवतही होतो. इथे सत्य कळलेली सासू सहाणेपाशी खाली बसली होती आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हते. मी बहुतेक "बरे, नाही सांगत" म्हणालो असतो.

तेवढ्यात बाई दाराआडून बाहेर आली. या सगळ्यात ती पहिल्यांदाच बोलली.

"मानून नाई घेतलं, आत्याबाई. बोलाची सोय नोयती म्हून चूप रायली असन. मी बी चूपच होती."

तिने माळेचा दोरा दाताने तोडला, ती लहान कवडी काढली, सहाणेवरची घासलेली उचलली आणि दोन्ही माझ्या हातावर ठेवल्या. "अकोल्याहून बार्शीटाकळी दूर नाई. दाखवजो तिले."

सासू माझ्या उघड्या हाताकडे पाहत होती. मी मूठ मिटून उठू लागलो तेव्हा तिने मागच्या ढिगातून कापसाचा एक पुंजका ओढला आणि माझ्यापुढे धरला.

"लायनी कवडी पातळ आये," ती म्हणाली. "रस्त्यानं फुटन. याच्यात गुंडाळ."