डब्यातला पंखा

मी चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की आम्हाला फसवलं. फसवलं मी एकाच माणसाला, आणि तेही तो शेजारी बसलेला असताना.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी. तिथल्या कॉम्प्युटर रूमवर एक कंत्राटी ऑपरेटर होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. नोटिसा, दाखले, हजेरीपट, सगळं मराठी टायपिंग त्यांच्याकडे. मी तिथे शिकत होते तेव्हा मला त्यांनीच तयार केलं. त्यांचा एक साधा टेक्स्ट एडिटर होता. मजकूर लिहायचा, बस. पण त्याला वरून जोड लावता येत, त्यांना पॅकेज म्हणायचं. एक पॅकेज शुद्धलेखन तपासायचं, एक आपोआप तारीख टाकायचं. काही तयार मिळत. काहींचा नुसता कोड मिळे आणि तो आपल्याच मशीनवर बिल्ड करावा लागे, म्हणजे त्यातून चालतं पॅकेज बनवून घ्यावं लागे. बिल्ड चालू झालं की स्क्रीनवरून ओळी धावत आणि कुठे अडलं की एररची रांग लागे. "पयली एरर वाचायची, ताई," भाऊ म्हणत. "बाकीच्या तिच्या मांगं आलेल्या रायतात." मी वयाने दहा वर्षं लहान, तरी त्यांच्या लेखी ताईच. नेहमीच्या एरर आणि त्यांवरचे उपाय त्यांनी मला सांगून एका वहीत लिहून घ्यायला लावले होते.

बोंडअळीच्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली. सुट्टीच्या दिवशी भाऊ घरच्या वावरात फवारायला गेले आणि औषध तोंडावर उडालं. जीव वाचला, डोळे गेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळे. त्यांच्या जागेवर मला तात्पुरतं बसवलं. माझं काही अडलेलं नव्हतं, नवऱ्याचं दुकान बरं चालत होतं. पण ती फिरती खुर्ची, 'मॅडम, मॅडम' करणारी पोरं, पर्समधला किल्ल्यांचा जुडगा, हे सगळं मला फार आवडलं.

चार महिन्यांनी भाऊ त्यांच्या गावाहून, बोरी अरबच्या एस.टी.ने आले. हातात काठी. प्राचार्यांना म्हणाले, एडिटरला बोलायचं पॅकेज लावलं की तो लिहिलेलं वाचून दाखवतो, मी पुन्हा काम करू शकतो. इंग्रजी वाचणारा आवाज मशीनमध्ये होताच. मराठी वाचणाऱ्याचा कोड आणून बिल्ड करावा लागणार होता. प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "पुढच्या सोमवारी माझ्यासमोर एक नोटीस एकट्याने टाइप करा आणि वाचून दाखवा. जागा तुमची. मॅडम, तेवढं पॅकेज लावून द्या त्यांना."

पहिल्याच दुपारी ते लागलं. बिल्डला अर्धा तास लागला. मशीनवर ताण आला की वाढतो तो सीपीयूच्या डब्यातला पंखा असा ओरडत होता की आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं. मग तो शांत झाला. मी इअरफोन कानात घातला आणि 'सूचना' असं टाइप केलं. मशीन जरा नाकात म्हणालं, "सूचना."

भाऊ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. "काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"एरर आली, भाऊ."

माझ्या तोंडून ते कसं निघून गेलं कोण जाणे, असं मी म्हणणार नाही. मी ते म्हटलं, कारण मला उठायचं नव्हतं.

त्यानंतर ते रोज यायचे. मी माझी जुनी वही मांडीवर घ्यायची आणि त्यांनीच सांगितलेली एक एरर त्यांनाच वाचून दाखवायची. ते डोळे मिटून विचार करत. डोळे मिटण्यात आता काय अर्थ होता, पण मिटत. मग उपाय सांगत. मी चहा पीत एका हाताने कीबोर्डवर कसलीही बटणं बडवायची आणि म्हणायची, "नाही होत हो." दुसऱ्या दिवशी ते रात्रभर आठवून नवा उपाय घेऊन येत. मला हसू येई. एकदा तर तोंडावर पदर घ्यावा लागला. पासवर्ड आता माझा होता, त्यामुळे माझ्याशिवाय त्यांना मशीनला हात लावता येत नव्हता.

सोमवारी ते लवकर आले. मी वही उघडली, एरर वाचली. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मग म्हणाले, "पयल्या दिवशी डब्यातला पंखा केवढा बोंबलत होता, ताई. त्याच्यानंतर एक डाव वाढला नाई. तुम्ही बिल्ड करूनच नाई राह्यल्या. ते झालेलं हाय."

माझे कान तापले. लाज नव्हती ती, राग होता. "मंग रोज कायले येत होते?" मी विचारलं.

"मले वाटे, आज तुम्ही सांगसान."

तेवढ्यात प्राचार्य आत आले. "मॅडम, झालं का?" डोळे गेल्यापासून भाऊंचं काहीही असलं तरी लोक शेजारच्यालाच विचारत. भाऊंनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि थांबले. मला अजून एक संधी होती. मी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "नाही, सर. सगळं करून पाहिलं."

"सर, तुम्ही सोता एकदा इअरफोन लावून पाहा ना," भाऊ म्हणाले.

प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आठवडाभर मॅडम तुमच्यासाठी खपल्या, भाऊ. आता दोष त्यांच्यावर कशाला घालता?" आणि मला म्हणाले, त्यांना स्टँडपर्यंत सोडून या.

मी त्यांचा हात धरून नेलं. त्यांनी तो धरू दिला, दुसरा इलाज नव्हता. गाडी लागली. "बोरीचीच हाय ना?" त्यांनी विचारलं. मी पाटी वाचून हो म्हटलं. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी तेच कंडक्टरला विचारलं आणि मगच वर चढले.

परत आल्यावर मी दार लावलं आणि ते पॅकेज काढून टाकलं. त्याला एक ओळ टाइप करावी लागते. पंखा जरासुद्धा वाढला नाही.