नणंदबाईंची दुसरी अकरावी

प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना बसवणाऱ्या आयाच जास्त दमतात, हे पुण्यात आता सर्वमान्य झाले आहे. पण मुलीला परीक्षेला बसवायला निघालेली आणि वाटेत स्वतःच परीक्षार्थी होऊन बसलेली बाई अख्ख्या शहरात एकच असावी, आणि ती नेमकी माझ्या सासरची निघाली. ती म्हणजे माझी थोरली नणंद. इंजिनिअरिंगची जी मोजकी नावाजलेली कॉलेजे आहेत, जिथे लाखो मुले डोळे लावून बसतात आणि मूठभर आत जातात, त्यांपैकी एकात माझी भाची जाणार, हे नणंदबाईंनी भाची आठवीत असतानाच ठरवले. भाचीला ते नववीत कळले.

नणंदबाई खराडीत एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतात. ठरवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीवर जुनी नारायणपेठी साडी पांघरली आणि तिच्यावर मूलद्रव्यांचा तक्ता टाचला. भावोजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, क्रिकेटचे काय, असे विचारले. तेव्हा "स्कोअर ऑफिसात विचारून या" असे उत्तर मिळाले. गणपतीत आरत्या एकीवर आल्या, कारण "बाकीच्या बाप्पालाही पाठ आहेत." माझ्या दिराच्या लग्नाला मायलेकी पाळीपाळीने आल्या: अक्षतांना आई, जेवायला लेक. भाची अकरावीत गेली त्या दिवशी दारावर एक पाटी लागली, "घरात अकरावी आहे. बेल वाजवू नये." घरात सुतक आहे, तशा सुरात लिहिलेली. कुरियरवाला ती वाचून पार्सल खाली वॉचमनकडे ठेवी आणि वॉचमन आम्हा नातेवाइकांनाही पार्सलसारखेच खाली थांबवून ठेवी. भाचीने एका कॉलेजात प्रवेश घेतला होता, पण ते कॉलेज तिने पाहिलेले नव्हते. तशी पद्धतच आहे म्हणे. नाव कॉलेजात असते आणि मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासमध्ये. मी एकदा भाबडेपणाने विचारले, "अहो ताई, पण मग मैत्रिणी कुठे मिळणार हिला?" त्या म्हणाल्या, "पहिल्या शंभरात आली की मिळतील. तिथे सगळ्या हुशारच असतात."

हे सगळे इतर घरांत होते तसेच चालले होते. अकरावीच्या पावसाळ्यात भाचीला चिकनगुनिया झाला आणि चित्र बदलले. पोर महिनाभर अंथरुणाला खिळली. क्लासच्या सरांचा नियम असा, की बुडालेला तास परत मिळत नाही. दुसरी एखादी आई सरांच्या पाया पडली असती. नणंदबाई पर्स आणि दोनशे पानी वही घेऊन थेट वर्गात गेल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. सोळा-सतरा वर्षांच्या ऐंशी-नव्वद मुलांमध्ये, अर्धे केस पिकलेल्या. फिजिक्सचे सर राजस्थानकडचे. आधी त्यांना त्या इन्स्पेक्शनला आलेल्या वाटल्या. चौथ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक गणित घातले आणि वर्गाकडे पाहिले. वर्ग वहीकडे पाहू लागला. मागून एक हात वर झाला, बांगड्यांसकट. उत्तर बरोबर होते. सर कौतुकाने म्हणाले, "मॅडम, आप तो सीरियस हो." नणंदबाई म्हणाल्या, "सीरियस मुलगी आहे, तापाने. मी नुसती बसलेय."

पण त्या नुसत्या बसल्या नव्हत्या. मुलगी बरी झाली, क्लासला जाऊ लागली, तरी आईचा अभ्यास थांबेना. भाची आली की तिच्या दप्तरातून वही आधी आईच्या हातात जाई. रविवारची टेस्ट दोघी घरी पुन्हा सोडवत, मोबाइलवर घड्याळ लावून, आणि आईला बहुतेक वेळा मुलीपेक्षा जास्त मार्क पडत. त्याचे त्यांना मनापासून वाईट वाटे, निदान तसा चेहरा तरी त्या करीत. ओट्यावर दूध उतू जात असे आणि त्या शेजारी उभ्या राहून टॉर्क काढत असत. भावोजींनी त्या दोन वर्षांत जितकी खिचडी खाल्ली तितकी आजाऱ्यांनीही खाल्ली नसेल. त्यांना कोणी घरची खुशाली विचारली की ते शांतपणे सांगत, "दोघी अकरावीत आहेत. मी एकटा नोकरीत."

एकदा मी त्यांच्याबरोबर मार्केट यार्डात गेले होते. माझ्या सासऱ्यांचा तिथे कांदा-बटाट्याचा गाळा होता, त्यामुळे नणंदबाईंचे ते माहेरच. एक हमाल पोत्यांनी भरलेली हातगाडी चढावर ढकलत होता आणि गाडी हलत नव्हती. नणंदबाई थांबल्या. डोळे बारीक करून त्यांनी चढ पाहिला, पोती पाहिली, चाके पाहिली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागल्या. घर्षण काढत होत्या. हमालाने जरा वाट पाहिली आणि म्हणाला, "मावशी, हिशेब मागनं करा, आधी हात लावा." त्यांनी पर्स माझ्याकडे दिली आणि हात लावला. गाडी वर गेली. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "माझं उत्तर जवळपास बरोबर होतं." त्या दिवसाइतक्या खुशीत मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेले नाही.

लग्नाचेही सांगायलाच हवे. बारावी सायन्सला त्यांना गणितात उत्तम मार्क होते. पण स्थळ चांगले आले होते, आणि शिक्षण काय नंतरही घेता येईल, असे माझे सासरे म्हणाले. पुढे त्या बाहेरून बी.कॉम. झाल्या. कॉमर्सबद्दल त्यांनी आजवर चांगला किंवा वाईट एकही शब्द काढलेला नाही.

बारावीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी भाची एकटीच बसने आमच्या बिबवेवाडीच्या घरी आली. मी पोहे केले. ते न खाता ती म्हणाली, "मामी, मला ती एक्झाम नाही द्यायचीये."

"मग काय करायचंय?"

"ते नाही माहीत. हे नाही, एवढं माहितीये."

"मग आईला सांग ना. ओरडेल फार तर."

"ओरडणार नाही गं. तोच प्रॉब्लेम आहे." तिने ताटली बाजूला सारली. "तू तिला पाहिलंयस का अभ्यास करताना? मी सोडलं तर तिचंही सुटणार. मग ती काय म्हणून पुस्तक उघडेल?"

सतरा वर्षांची ती पोर आईसाठी अभ्यास करत होती. सगळी मुले तेच करतात म्हणा, पण ही वेगळ्या अर्थाने. तिने माझ्याकडून वचन घेतले आणि मी गप्प बसले. आजही मला कळत नाही, की ते शहाणपण होते की भित्रेपणा. घरी येणेजाणे चालूच राहिले, आणि नणंदबाई मला प्रकाशाचे परावर्तन समजावून सांगत असताना मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहणे टाळत राहिले.

परीक्षा झाली. पहिली पायरी भाचीने कशीबशी ओलांडली, दुसरीवर पाय घसरला. निकालाच्या सकाळी मी आणि आमचे हे खराडीला गेलो. सांत्वनाला जावे तसे पेढे न घेता. नणंदबाई जेवणाच्या टेबलाशी बसून प्रश्नपत्रिका सोडवत होत्या. कागदावरून मान वर न करता त्या लेकीला म्हणाल्या, "हे तर तुला येत होतं. हेही. आपण केलं होतं."

"येत होतं," भाची म्हणाली. "सोडवावंसं वाटलं नाही." आणि मग तिने सगळे सांगितले, माझ्याकडे केलेल्या फेरीसकट.

नणंदबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तू शिकत होतीस ना."

भावोजी उगाचच खिडकी लावायला उठले. मग नणंदबाई ताठ बसत म्हणाल्या, "तुझ्यावाचून काही अडलं नसतं माझं. मी तशीही शिकले असते." थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "नसते शिकले."

मला वाटले होते की त्या माझ्यावर रागावतील. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "तू सांगितलं नाहीस ते बरं झालं. मॉडर्न फिजिक्स राहिलं असतं."

भाचीने इतिहास घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला. ती कॉलेजात रोज जाते, आणि तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या आहेत, शंभरात न येता. नणंदबाईंनी जून महिन्यात त्या परीक्षेच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि आपल्याला बसता येईल का, असे विचारले. पलीकडची मुलगी नियम वाचून म्हणाली, "मॅडम, तुमची बारावी खूप जुनी आहे." "जुनी आहे, शिळी नाही," असे सांगून यांनी फोन ठेवला. क्लासच्या सरांनी सांगितले की मॅडम कधीही येऊन बसू शकतात. त्या दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. "नवीन बॅच आहे," एवढेच कारण त्यांनी दिले.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. भाची कॉलेजात होती, भावोजी घरूनच काम करत होते. आम्ही दोघी बाल्कनीत बसलो होतो. समोरच्या ऑफिसांतून गळ्यात पट्टे अडकवलेली पोरेपोरी घोळक्याने बाहेर पडत होती. त्यांच्याकडे पाहत नणंदबाई म्हणाल्या, "अगं, त्या दोन वर्षांत मला कुणी एकदाही विचारलं नाही, जेवायला काय आहे म्हणून. मी म्हणायची, अभ्यास चाललाय. की सगळे गप्प. केवढा मान होता त्या शब्दाला."

आतून भावोजींचा आवाज आला, "चहाचं बघतेस का जरा?"

मी चटकन उठले. म्हटले, "ताई, तुम्ही बसा. आज मी ठेवते."

त्या क्षणभर बसल्या. मग पदर सावरून उठत म्हणाल्या, "राहू दे. तुला आमच्याकडची साखर सापडायची नाही."