अन्वरनं ठेवलेल्या जंग्या

एकाहत्तरची लढाई संपली. पुढच्या वर्षी मी फौजेच्या इंजिनिअर्समधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वाईजवळच्या आमच्या गावी आलो. माझ्याच प्लॅटूनचा, माझ्याच गावचा नाईक अन्वर आला नाही. जमिनीत पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढताना तो कामी आला.

शेवटच्या सुटीत त्यानं गावच्या नाटकासाठी किल्ल्याची भिंत केली होती. भाड्याचा पडदा गावाला परवडायचा नाही. सिमेंटची रिकामी पोती शिवून बांबूंच्या चौकटीवर ताणली, वर चुना मारला, गेरूनं चिरे आखले. किल्ल्यावर बंदूक रोखायला भोकं असतात, तशा सात जंग्याही ठेवल्या, आरपार.

त्र्याहत्तरच्या जत्रेला भिंत बाहेर काढली, तर जंग्यांतून मागचा उकिरडा दिसत होता. मला टापटिपीचा भारी सोस. अन्वरचे वडील इमामचाचा, पेशानं गवंडी, म्हणाले, "अन्वरनं ठेवल्यात त्या. ऱ्हाऊ दे."

"चाचा, समोरनं भोकं दिसत्यात. बरं न्हाई."

मी सातही जंग्यांवर ठिगळं शिवली. दुहेरी सुतळी, वर चुना. लोक म्हणाले, लय झ्याक. मी छाती काढून हिंडलो.

दुपारी साडेतीनला नाटक सुरू झालं. पुढं जमिनीवर शाळेची पोरं. चार वाजून दहा मिनिटांनी मागनं वारं सुटलं. भिंत पुरीसारखी फुगून पोरांकडं कलली. चाचांनी मागचा दोर धरला. तो त्यांच्या हातांतून सरकत होता.

"पोरं उठवा. मागं घ्या," मी ओरडलो. पोरांना वाटलं, नाटकातलंच आहे. एकही हललं नाही.

तेव्हा मला कळलं, जंग्या कशासाठी होत्या. चाकू घेऊन मागं धावलो. खालची चार ठिगळं कापली. वरच्या तिन्हींना हात पुरेना. भिंत कलतच होती. हाताशी उरली ती अन्वरनं शिवलेली पोती.

"काप," चाचा म्हणाले.

"चाचा, अन्वरच्या हातचं हाय."

"पोरं बसल्यात म्होरं. काप म्हंतो न्हवं."

कापलं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, तीन वेळा. वारं आरपार गेलं, भिंत थांबली. समोर टाळ्या पडल्या. चाचांचे तळहात सोलून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी चाचा बांधलेल्या हातांनी दाभण घेऊन बसले. मी वरची ठिगळं उसवली.

"चाचा, चुकलं माझं."

"व्हय. चुकलंच," ते म्हणाले, आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्याकडं दिलं.

सुरुंगांत अन्वर पुढं सरकायचा आणि मागच्यांसाठी वाट दाखवणारी पांढरी फीत टाकत जायचा. वळून सांगायचा, "हवालदारसाब, फीत सोडू नका." तो गेला त्या दिवशीही त्याच्या फितीवरून आम्ही अकरा जण जिवंत बाहेर आलो. गावात आल्यावर मी ती सोडली होती.