दगडावर घालायचं नाव

मास्तरकी केलेल्या माणसाकडे दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र भरपूर साठतात. धान्याला निदान उंदीर लागतात, किश्श्यांना तेही नाही! मी मुळशी खोऱ्यातल्या एका शाळेत दुय्यम मास्तर होतो, तेव्हाचे तर पोतंभर आहेत. त्यातले आज एकाच समारंभाचे सांगतो.

बसऱ्याची लढाई, म्हणजे पहिलं महायुद्ध, संपून काही वर्षं झाली होती. आमच्या गावातले आणि आसपासच्या वाड्यांतले बरेच गडी पलटणीत गेले होते. काही परत आलेच नाहीत. शाळेने दरवर्षी त्यांची आठवण करायची आणि त्यांच्या नावांचा दगड भिंतीत बसवायचा, असं आमच्या हेडमास्तरांनी ठरवलं. हेडमास्तर पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण सगळं कसं पद्धतशीर हवं!

तिढा पडला तो एका नावावरून. धोंडीबा धनगराचा मुलगा मल्हारी. मेला असं सरकार म्हणेना, जिवंत आहे असंही म्हणेना. 'बेपत्ता' एवढाच शब्द आला होता. धोंडीबाला मुलाचं नाव दगडावर हवं होतं. मल्हारीच्या बायकोला, सगुणेला, ते नको होतं. त्या तिढ्याकडे येतोच, आधी बाकीची गंमत ऐका.

*

पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी शिपायाला फर्मावलं, "रामा, उद्या सकाळी पुष्पचक्र पाहिजे. मोठं!"

रामाने 'पुष्प' ऐकलं, 'चक्र' ऐकलं आणि मान डोलावली. सकाळी बघतो तर शाळेच्या ओट्याला टेकवून बैलगाडीचं अख्खं चाक! आऱ्यांना झेंडू, लोखंडी धावेला आंब्याचे डहाळे, मधल्या तुंब्यावर कमळ काढलेलं. हेडमास्तर लालबुंद झाले. पण तेवढ्यात तालुक्याचे साहेब आले आणि त्या चाकासमोर उभेच राहिले.

"वा! खेड्याला शोभेल असं पुष्पचक्र मी आजच पाहिलं!" साहेब म्हणाले.

हेडमास्तरांनी लगेच मान झुकवली, "आपली कृपा!"

साहेबांची पाठ वळते न वळते तोच गाडीवाला दारात. "मास्तर, माझं चाक द्या की वो! गाडी धोंड्यावर टेकून उभी हाय, आन् बाजार निघालाय पौडाला!"

*

मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. हेडमास्तरांनी खिशातलं घड्याळ काढून तळहातावर धरलं. सगळे चिडीचूप.

आम्ही उभे राहिलो. उभेच राहिलो. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली, तरी हेडमास्तर घड्याळातून डोकं वर काढीनात. शेवटी मागून पाटलांचा आवाज आला, "मास्तर, सायबाची दोन मिन्टं लई लांब असत्यात का वो?"

हेडमास्तरांनी घड्याळ कानाला लावलं. ते कधीचंच बंद पडलं होतं!

*

त्याच समारंभात हेडमास्तर गेलेल्यांची नावं वाचू लागले. पहिलं नाव घेतलं मात्र, बायकांच्या घोळक्यातून हंबरडा फुटला. एकीमागून एक सगळ्याच रडू लागल्या, नावं घेऊ घेऊ, मयताच्या घरी रडतात तशा.

"शांत! शांत राहा!" हेडमास्तर हात जोडून सांगू लागले, "आज शांत राहूनच मान द्यायचा असतो."

एक म्हातारी पदराने नाक पुसत पुढे आली. "गेलेल्या लेकराला गप ऱ्हाऊन मान? मास्तर, तुमच्यात कोन रडतच न्हाई व्हय?"

  पुढच्या वर्षापासून हेडमास्तरांनी कार्यक्रमात आधी रडणं आणि मग मौन असा क्रम लावला. पद्धतशीर!

*

दुसऱ्या वर्षी दगड आला. पाथरवटाने नावं आधी खडूने लिहायची आणि समारंभानंतर कोरायची, असं ठरलं. लिहिणं चाललं असताना पेन्शनर हवालदार इस्माईलभाई आले. आमच्या मुलांना ड्रिल तेच शिकवायचे.

"मास्तर, माझं बी नाव घाला. मी बी बसऱ्याला हुतो."

"अहो हवालदार, हा गेलेल्यांचा दगड! तुम्ही तर हयात आहात."

"त्येच म्हंतोय! आज मी सोता सांगाया हाय तर तुमी घालंना. मी गेल्यावर कोन येनार हाय सांगाया?"

त्यांना दगडावर जागा मिळाली नाही, पण दगडाशेजारी मिळाली. समारंभाला दगडापाशी सलामी देत उभं राहायचा मान त्यांचा. पायाचं दुखणं विसरून उभे राहायचे!

*

आता मल्हारीचं.

समारंभाच्या आदल्या दिवशी सगुणा शाळेत आली. दाराबाहेरूनच म्हणाली, "मास्तर, त्यांचं नाव दगडावर घालू नका. तुमी घातलंसा, तर उद्या बाया माझं कुक्कू पुसाया येत्याल."

ती गेली आणि धोंडीबा आला. "पोरगं सरकारासाठी गेलं. त्याचं नाव कुटंच नसंल, तर त्ये जल्माला आलं हुतं असं तरी कोन म्हनंल?"

दोघंही खरं बोलत होते. हेडमास्तर बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी तोड काढली. समारंभात प्रत्येक घरातलं माणूस पुढे येईल आणि आपल्या माणसाचं नाव घेईल. नाव घेतलं तर खडूवरून कोरायचं, नाही घेतलं तर पुसायचं. धोंडीबा नाव घेणार हे उघडच होतं. आणि 'नको' म्हणायला सगुणा नवऱ्याचं नाव चारचौघांत कशी घेणार? मला तर ती तोड नव्हे, फास वाटला.

समारंभ सुरू झाला. एकेक घर पुढे येऊन नाव घेऊन गेलं. धोंडीबाची पाळी आली. तो दगडापाशी गेला, खडूने लिहिलेल्या नावावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. ओठ हलले, शब्द येईना. 

तेवढ्यात बायकांतून सगुणा उठली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पदर सारखा करून सासऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"दगडावर दगड, साळंच्या भिंती,
मल्हाररावांच्या वाटंला रोज लावते पणती!"

हळदीकुंकवाला सवाष्णी घेतात तसं नाव!

 पाथरवट छिन्नी हातात धरून हेडमास्तरांकडे बघत राहिला. "मास्तर, नाव तर घेतलं बाईनं. कोरू का?"



धोंडीबाने खांद्यावरची घोंगडी काढली आणि तिच्या टोकाने ते खडूचं नाव सावकाश पुसून टाकलं. मग सुनेकडे वळून म्हणाला, "चल पोरी. मेंढरं खोळंबली असत्याल."