जास्तीच्या तेलाचा फिल्टर

चाकणच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलं नाही. कंपनीनं कामावरून काढलेल्या आमच्या कामगारांची राजगुरुनगरला सुनावणी होती, आणि तीन साक्षीदार बसलेली माझी गाडी ओढेना.

"पॉवर वाढवणारा एअर फिल्टर टाकलाय. स्वतः धुऊन तेल लावतो," मी ऐटीत सांगितलं.

"लावता की आंघोळ घालता, भाऊ?" त्यानं हवा मोजणारा सेन्सर काढला. त्याच्या तारेवर फिल्टरचं तेल चढलं होतं. बोट न लावता त्यानं ती स्प्रेनं धुतली. "हवा येते भरपूर, हा सांगतो कमी. इंजिन बिचारं ह्याच्याच शब्दावर पेट्रोल सोडतं."

खोट्या जाहिरातींविरुद्ध पत्रकं वाटणारा मी फिल्टरच्या डब्यावरचं वाचून भुललो होतो! चिडून मी साक्षीदारांची उजळणी घेऊ लागलो. "तिघांनीही म्हणायचं, सगळं डोळ्यांनी पाहिलं."

"आता ह्यांच्यावर पण तेल ओतताय का?" मेकॅनिक म्हणाला. "पाहिलं तेवढंच सांगू द्या की!"

सुनावणीत तिघांनी तेवढंच सांगितलं. कंपनीच्या वकिलाला खोडायला काही सापडेना.