नाशिकला, प्रार्थनेशिवाय

जालन्याहून निघालो तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "नाशिकला हवा मोकळी आहे, आपले लोक आहेत. तिथे तुझी प्रार्थना परत येईल. ती आली की बरा झालास असे समज." माझी बायको शांता शेजारीच होती. तिने ते ऐकले आणि मान हलवली. तिच्या त्या भरवशाचीच मला वाटभर भीती वाटत राहिली.

मला काय झाले होते ते धड सांगता येत नाही. चौथीत शाळा सुटल्यापासून मी सुतारकाम करतो. त्या वर्षी रंधा हातात धरून नुसता बसू लागलो. जेवण मातीसारखे लागे. डोळे मिटून "हे बापा" म्हणावे, तर पुढे शब्दच नाही. देवाने मला टाकले, एवढी एकच गोष्ट खरी वाटे.

मनमाडला गाडी बदलली. नाशिक रोड आले, पाटी वाचली, पण उठवेना. गाडी सुटली तरी मी बसलेलाच. देवळालीला एका शिपायाने ट्रंक सरकवायला सांगितली, तेव्हा उठलो आणि तिथेच उतरलो. बाहेर पलटणीचे लोक, खेचरे, धूळ. एक म्हातारा मुसलमान टांगेवाला माझ्याकडे बघत होता.

"नाशिकला जायचं होतं," मी म्हणालो.

"झोप लागली का भाई?"

"नाही, जागाच होतो."

"जागेपणी टेसन चुकलं? मग बसा लवकर, नाय तर टांगा बी चुकंल."

त्याने ट्रंक स्वतः चढवली आणि शहराबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीत, मार्थाबाईंच्या दारापर्यंत आणून ठेवली. त्याचे आभार मानायचेही मला सुचले नाही. आज मानतो.

मार्थाबाई विधवा. पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून त्यांनी मला ठेवून घेतले होते. त्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेली) आणि ठेचा वाढला. मी घास फिरवत बसलो. त्या म्हणाल्या, "खाऊ नको वाटलं तर. पर ताट पुढ्यात असू दे."

बुधवारी दुपारी देवळात साखळीची प्रार्थना असे. (आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या प्रार्थनामंदिरालाही देऊळच म्हणतो.) सगळे गोल बसत. एकाने प्रार्थना करून आमेन म्हटले की पुढच्याने सुरू करायचे. माझ्यावर आली आणि साखळी थांबली. लोकांना वाटले, हा मनात करतो आहे. म्हणून ते अदबीने थांबून राहिले. कुणी खोकले, कुणाचे मूल कुरकुरले. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला. शेवटी शेजारून मार्थाबाई बोलल्या, "प्रभू, याला बोलता येईना. तू बी आता जास्त ताणू नको. आमेन." कुणीतरी हलकेच हसले आणि साखळी पुढे गेली.

बाहेर येऊन मी म्हणालो, "मार्थाबाई, मी गावी जातो. देवाला मी नको आहे."

"असं त्यानं सांगितलं?"

"तो काहीच सांगत नाही."

"मग गप हाय म्हण. नको हाय कशाला म्हणतो?" त्यांनी पदर सारखा केला. "मालक गेले तवा मी बी लय दिवस अशीच बसले तिथं. माझ्या वाटची प्रार्थना बाकीच्यांनी केली."

"मग परत आली?"

"आली. थोडी. पहिल्यावानी नाय."

एकदा बाजाराला जाताना त्यांनी मला गोदावरीवर नेले. घाटावर एका उपाध्याने विचारले, "गाव कोणतं? कोणाचं श्राद्ध?"

"आम्ही ख्रिस्ती."

"असं होय. मग पाणी बघा. पायरी तेवढी निसरडी आहे."

मी पाणी बघत राहिलो. त्या वेळी मनात जे आले ते इथे लिहीत नाही. मार्थाबाईंनी माझी बाही धरली आणि म्हणाल्या, "चल, वांगी संपतील." बाजार होईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

पुढे त्यांनी मोडकी बाज माझ्यापुढे टाकली. एक पाय बसवला, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलोच नाही. मग कधीतरी दुसरा पाय बसवला. बाज उभी राहिली तेव्हा मला आनंद झाला नाही, पण भूक लागली. बुधवारी मात्र मी मुकाच राहिलो, अगदी निघेपर्यंत.

जालन्याला शांता स्टेशनवर आली होती. घरी पोचेपर्यंत तिने धीर धरला.

"प्रार्थना जमते का आता?"

"नाही."

ती चुलीशी जाऊन पाठमोरी बसली. पाळकसाहेबांनाही मी तेच सांगितले.

नाशिकहून मी बरा होऊन आलो असे कुणाला वाटत असेल, तर तसे नाही. रंधा चालतो, काही दिवस चालत नाही. पण देवाने टाकले असे आता मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही, एवढेच म्हणतो.

परत आलो त्या संध्याकाळी घरची प्रार्थना झाली. शांताने केली, आमच्या मुलीने केली, मग माझ्यापाशी सगळे थांबले. शांताने हळूच विचारले, "उद्यापासून तुम्हाला वगळू का? उगीच तुम्हाला त्रास."

"वगळू नको," मी म्हणालो. "थोडं थांबत जा, आणि मग पुढे चला."

तेव्हापासून रोज त्या दोघी माझ्यापाशी थोडे थांबतात.